दार आणि भिंत : सौरघट व विद्युत्चुंबकीय कवचांच्या पदार्थांचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर आपण बसलो त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा योग यावा, ही भाग्याची गोष्ट आहे. पण ती तितकीच अवघडही आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींनी माझ्या वह्या तपासलेल्या आहेत आणि काहींनी त्या उतरवून घेतलेल्या आहेत. तेव्हा येथे पांडित्याचा आव आणण्याची सोय नाही. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आम्ही मात्र त्यांना कधी नावाने ओळखले नाही. शाळेत शिक्षक पुष्कळ होते, परंतु नुसते 'सर' म्हटले की ते विज्ञानाचे सर, असा संकेतच होता. मीही आज त्यांना सर असेच म्हणणार आहे.

विषय मी माझ्या व्यवसायातला निवडला आहे. सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पदार्थ आणि नको असलेल्या विद्युत्चुंबकीय लहरी अडविणारे पदार्थ, या दोहोंवर माझ्या आयुष्यातील पस्तीसएक वर्षे खर्ची पडली. पहिल्याचे काम लहरींना दार उघडून देण्याचे, तर दुसऱ्याचे त्यांच्यापुढे भिंत उभी करण्याचे. वरवर पाहता ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात. त्यांचा इतिहास मात्र एकमेकांत गुंतलेला आहे आणि त्या इतिहासातून निघणारा बोध मला याच शाळेच्या प्रयोगशाळेत, फार पूर्वी, एका दुपारी मिळाला होता. मी तो पुढे विसरलो, आणि त्याची किंमतही मोजली. ती हकीकत ओघाने येईलच.

जर्मनचा डबा

१९७२ साल होते. मी नववीत होतो. सर वर्गात एक ट्रान्झिस्टर घेऊन आले. त्यावर सांगली केंद्र लागलेले होते. त्यांनी प्रथम ट्रान्झिस्टरवर वेताची बुट्टी पालथी घातली. गाणे चालूच राहिले. मग त्यांनी एक मोठा जर्मनचा डबा घेतला (ॲल्युमिनियमला आमच्या घरांत तेव्हा 'जर्मन'च म्हणत), त्यात ट्रान्झिस्टर ठेवला आणि झाकण लावले. गाणे थांबले. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "सर, डब्यामुळे आवाज दबला असेल." सरांना बहुधा तेच हवे होते. त्यांनी ट्रान्झिस्टर काढून त्याच डब्यात गजराचे घड्याळ ठेवले. झाकण लावल्यावरही गजर खणखणीत ऐकू आला. म्हणजे डब्याने आवाज अडविला नव्हता, आवाज घेऊन येणारी लहर अडविली होती.

प्रयोगवहीत मी लिहिले, 'डब्याचे झाकण लावताच रेडिओचा आवाज पूर्णपणे बंद झाला.' सरांनी मला उभे केले.

"पूर्णपणे बंद झाला? तू तर पुढेच बसला होतास."

मी चाचरत म्हणालो, "नाही सर, बारीक खरखर येत होती. पण पुस्तकात बंद होतो असं आहे."

"पुस्तकात काय आहे ते पुस्तकाला ठाऊक आहे. तू काय ऐकलंस ते लिही."

मी खोडरबर काढला, तो त्यांनी हातातून घेतला. चुकलेले वाक्य एकाच रेघेने खोडायचे, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता. मग त्यांनी डबा पुन्हा मागविला. त्याचे झाकण एका बाजूने चेपलेले होते. सरांनी ते चारी बाजूंनी घट्ट दाबून धरले, तेव्हा ती खरखरही थांबली.

पुढे या विषयात काम करू लागल्यावर कळले की, त्या चेपलेल्या झाकणात कवचविद्येचा एक मुख्य धडा होता. धातूची भिंत कितीही जाड असली, तरी तिच्या सांध्यातून लहर आत शिरते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, वीज न वाहणारा थर आपोआप बसतो. त्यामुळे झाकण वर वर टेकलेले असले तरी विजेच्या दृष्टीने तेथे फट असू शकते. उपग्रहाच्या पेटीपासून इस्पितळातील यंत्रांपर्यंत सर्वत्र अभियंत्यांची निम्मी झोप या सांध्यांपायी उडालेली असते. आपल्या गावच्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना निघतो. ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात तो ॲल्युमिना आणि ही फट पाडणारा थर, दोन्ही रसायनाच्या दृष्टीने एकच आहेत.

पेट्या आणि झाकणे

या विद्येच्या इतिहासात पेट्यांना आणि झाकणांना मोठे स्थान आहे. १८३६ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांब, रुंद व उंच असा एक पिंजरा उभारला. लाकडी सांगाड्यावर तारा व धातूचा पत्रा गुंडाळून त्यांनी त्याला बाहेरून इतका विद्युत्भार दिला की ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे स्वतः आत जाऊन बसले. आतील अतिसंवेदनशील उपकरणांना बाहेरच्या विजेचा मागमूसही लागला नाही. सरांचा डबा हा त्याच पिंजऱ्याचा धाकटा भाऊ होता.

तीनच वर्षांनी, १८३९ मध्ये, फ्रान्समध्ये एदमाँ बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाने वडिलांच्या प्रयोगशाळेत द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश टाकला आणि त्यांतून विद्युत्प्रवाह वाहू लागल्याची नोंद केली. सौरघटाची जन्मवेळ हीच मानतात.

पुढची पेटी तारखात्याची आहे. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबली तपासण्यासाठी विलोबी स्मिथ या अभियंत्याला मोठा आणि स्थिर रोध हवा होता. त्यासाठी त्याने सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. पण त्यांचा रोध एका जागी ठरेना. आज एक, उद्या दुसरा. दुसरा कोणी असता तर त्याने त्या कांड्या फेकून दिल्या असत्या. स्मिथच्या कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत होत्या. झाकण बंद असताना रोध सर्वाधिक असतो आणि ते उघडून उजेड आत येताच तो घटतो, असे आढळून आले. १८७३ मध्ये त्याने हे जाहीर केले. तीन वर्षांनी ॲडम्स व डे या इंग्रज संशोधकांनी सेलेनियमवर नुसता प्रकाश पाडून वीज मिळविली. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख चढवून पहिला घन सौरघट तयार केला. त्याची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास होती. शंभर भाग प्रकाशातून एक भाग वीज. तरीही दार किलकिले झाले होते.

चौथी पेटी मला सर्वांत प्रिय आहे, कारण दार आणि भिंत या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आल्या. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ १८८७ मध्ये विद्युत्चुंबकीय लहरींच्या शोधात होते. लहर पोहोचली म्हणजे समोरच्या तारेच्या कड्यात एक इवलीशी ठिणगी पडे. ती नीट दिसावी म्हणून त्यांनी त्या फटीभोवती काळोखी पेटी बसविली, आणि ठिणगी एकदम आखूड झाली. अंधाराने ठिणगी आखूड का व्हावी? हर्ट्झ यांचे मुख्य काम लहरींचे होते. ही अडचण बाजूला ठेवता आली असती. त्यांनी ते काम थांबवून या अडचणीचा पाठपुरावा केला. काच मध्ये धरली तर ठिणगी आखूड होते, क्वार्ट्झ धरले तर होत नाही. म्हणजे काचेतून न जाणारा अतिनील प्रकाश ठिणगीला मदत करीत होता. प्रकाश धातूतून विद्युत्कण बाहेर काढतो, या घटनेचा तो पहिला पुरावा ठरला. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचा उलगडा केला आणि त्यांना मिळालेल्या १९२१ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानपत्रात याच कार्याचा उल्लेख आहे. ज्या प्रयोगमालेतून रेडिओ जन्मला, तिच्यातूनच सौरघटाचे शास्त्रही जन्मले, ते एका न जुळणाऱ्या निरीक्षणामुळे.

आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अगदी आखूड रेडिओलहरींवर प्रयोग केले. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून त्यांनी केलेल्या लहरीशोधकाला १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. तो स्फटिक रेडिओलहरींना जसा प्रतिसाद देई, तसाच प्रकाशालाही देई. प्रकाश आणि रेडिओलहर ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे बोस यांनी एका स्फटिकात दाखवून दिले.

एकच लहर, दोन वर्तणुकी

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मध्यम लहरींवरील रेडिओची तरंगलांबी शेकडो मीटर असते, तर हिरव्या प्रकाशाची अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. फरक केवळ लांबीचा आणि त्याबरोबर येणाऱ्या ऊर्जेचा आहे. लहर एखाद्या पदार्थावर येऊन आदळली की पुढे काय होणार, हे त्या पदार्थातील इलेक्ट्रॉन ठरवितात.

धातूत ते मोकळे असतात. लहर येताच ते हलू लागतात आणि त्यांच्या हालचालीतून उलट दिशेची लहर निर्माण होते. आलेली लहर परत फिरते आणि जी थोडी आत शिरते ती लवकरच क्षीण होते. एक अब्ज आवर्तनांच्या वारंवारतेला तांब्यात ती दोन मायक्रॉनच्या आसपास गेली की तिचा जोर एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. ही झाली भिंत. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन बांधलेले असतात. त्यांना सोडविण्यास ठराविक ऊर्जा लागते. सिलिकॉनच्या बाबतीत ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेवढी ऊर्जा असलेला प्रकाशकण आला तरच तो इलेक्ट्रॉनला मोकळे करतो, आणि मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनला एकाच दिशेने नेण्याची व्यवस्था असेल तर वीज मिळते. हे झाले दार.

प्रत्यक्ष सौरघटाला दोन्ही लागतात. वरचा थर असा हवा की तो प्रकाशाला वाट देईल आणि वीजही वाहून नेईल. असा पारदर्शक व संवाहक पदार्थ, कॅडमियमचा ऑक्साइड, जर्मनीत बेडेकर यांनी १९०७ मध्ये दाखविला. आज इंडियम व कथील यांचा संमिश्र ऑक्साइड हे काम करतो. तोच लेप काचेवर दिला की रेडिओलहरी अडविणारी, पण आरपार दिसणारी खिडकी तयार होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराला जी जाळी असते तिचेही तत्त्व असेच आहे. आतील लहर सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची. तिला ते बारीक छिद्र म्हणजे भिंतच. प्रकाशाला मात्र तेच छिद्र महाद्वारासारखे असते.

आणखी एक नाते सांगतो. छपरावरील सौरपट्ट्यांतून निघालेली एकदिश वीज घरच्या उपयोगाची करण्यासाठी जो इन्व्हर्टर लागतो, तो सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो आणि तोडतो. कवच व गाळण्या नीट नसतील तर शेजारच्या रेडिओवर खरखर उमटते. दाराबरोबर भिंतही बांधावी लागते ती अशी.

तडा गेलेली कांडी

१९४० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनच्या कांड्या तपासत होते. एका कांडीला तडा गेलेला होता आणि तिचे आकडे इतरांशी जुळत नव्हते. तिच्यावर दिव्याचा उजेड पडला तेव्हा तिच्या दोन टोकांत सुमारे अर्ध्या व्होल्टचे विभवांतर दिसले. शोध घेता असे निघाले की, कांडी थंड होत असताना त्यातील अशुद्ध द्रव्ये दोन बाजूंना निरनिराळी साचली होती आणि मधली सीमारेषा इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेने वाट देत होती. ही सीमारेषा म्हणजेच पुढच्या सर्व सिलिकॉन सौरघटांचा गाभा. सदोष म्हणून ती कांडी टाकून दिली असती, तर हा शोध निदान त्या दिवशी तरी लागला नसता.

त्याच संस्थेत चौदा वर्षांनी डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट तयार केला. २५ एप्रिल १९५४ रोजी तो जगापुढे आला. या संशोधनाचे निमित्त आपल्यासारख्या प्रदेशातील लोकांनी लक्षात ठेवावे असे आहे. उष्ण व दमट प्रदेशांतील दूरच्या टेलिफोन यंत्रणांत कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम चॅपिन यांच्याकडे आले होते. म्हणजे आधुनिक सौरघटाचा जन्म पावसाळी हवेच्या तक्रारीतून झाला. १७ मार्च १९५८ रोजी उडालेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावरील बॅटरीचे प्रेषक त्याच वर्षी बंद पडले; सौरघटांवर चालणारे १९६४ पर्यंत बोलत राहिले. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला 'आर्यभट' अवकाशात गेला, त्याच्या अंगावरही सौरघटांचेच चिलखत होते.

हजारपट उत्प्रेरक

आता प्लॅस्टिककडे वळू. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, असे आम्ही शाळेत शिकलो आणि परीक्षेत लिहून गुणही मिळविले. १९६७ मध्ये जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याकडून उत्प्रेरक चुकून हजारपट अधिक पडला. अपेक्षित काळी भुकटी मिळाली नाही. तिच्याऐवजी चंदेरी, चकाकणारा पापुद्रा तयार झाला. तो फेकला गेला नाही. पुढे अमेरिकेत ॲलन मॅकडिआर्मिड व ॲलन हीगर यांच्यासह शिराकावांनी त्याला आयोडिनची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युत्वाहकता कोटीपटींच्या घरात वाढली. १९७७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वीज वाहणारे हलके बहुवारिक मिळताच धातूवाचून कवच करण्याची आशा निर्माण झाली. विमानात व उपग्रहात प्रत्येक ग्रॅम मोलाचा असतो, आणि बहुवारिक गंजत नाही.

माझी वही

आता माझी हकीकत. १९८७ च्या सुमारास मी किनाऱ्याजवळच्या एका शहरात पॉलिॲनिलीन या हिरव्या बहुवारिकावर काम करीत होतो. त्याच्या दाबून केलेल्या वड्यांची विद्युत्वाहकता मोजायची आणि त्यावरून कवच म्हणून ते कितपत उपयोगी पडेल हे ठरवायचे, असे ते काम होते. वैशाखात घेतलेले आकडे व्यवस्थित, एका रेषेत बसणारे होते. पाऊस सुरू झाला आणि आकडे बिघडले. त्याच वड्या, तेच यंत्र. वाहकता मात्र वाढलेली. श्रावणात तर ती कित्येक पटींनी वाढली. मला प्रबंध पुरा करण्याची घाई होती आणि सरळ रेषेचा मोह होता. मी त्या आकड्यांवर रेघ ओढली, समासात लिहिले, 'हवा दमट; ग्राह्य नाही', आणि पुढील मोजमापे कोरड्या पेटीत केली. दोष कोणाचा, असे विचाराल तर तो सर्वस्वी माझा. मला तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते.

काही वर्षांनी नियतकालिके चाळताना इतरांचे निबंध वाचनात आले. पॉलिॲनिलीनमध्ये पाण्याचे रेणू शिरले की विद्युत्भाराची हालचाल सुलभ होते, त्यामुळे हवेतील ओलावा मोजण्यास हा पदार्थ उपयोगी पडतो, असा त्यांचा आशय होता. मी घरी येऊन ट्रंकेतली वही काढली. पानामागून पाने तेच आकडे होते. शोध माझ्या वहीत येऊन बसला होता आणि मी त्याला 'ग्राह्य नाही' म्हणून बाहेर उभे केले होते. नववीत जी चूक सरांनी एका मिनिटात पकडली, तीच मी पंधरा वर्षांनी, पदवी आणि यंत्रे हाताशी असताना, पुन्हा केली होती.

जुन्या खनिजाचा नवा अवतार

१८३९ या वर्षाकडे पुन्हा जाऊ. बेकेरेलने प्रकाशातून वीज मिळविली त्याच वर्षी गुस्टाफ रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन करून त्याला पेरोव्स्की या रशियन गृहस्थांचे नाव दिले. त्या खनिजासारखी अंतर्रचना असलेल्या सर्व पदार्थांना आता पेरोव्स्काइट म्हणतात. या दोन घटना एकमेकींना भेटण्यास एकशे सत्तर वर्षे लागली. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिसे आणि हॅलोजन असलेल्या पेरोव्स्काइटचा सौरघट करून ३.८ टक्के कार्यक्षमता दाखविली. त्यातील द्रवात तो पदार्थच विरघळू लागे, म्हणून फारशा कोणी लक्ष दिले नाही. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन थर आला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आज प्रयोगशाळेतील लहान घटांत ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन केलेल्या जोडघटांनी ३४ टक्क्यांची मर्यादाही ओलांडली आहे.

पण या वेगवान वाटचालीतही वहीचा प्रश्न उभा राहिलाच. २०१४ च्या सुमारास असे स्पष्ट झाले की, यांतील कित्येक घटांचे आकडे व्होल्टता चढत्या क्रमाने मोजली तर एक येतात आणि उतरत्या क्रमाने मोजली तर दुसरे. मोठा आकडा छापावा आणि लहान विसरावा, असा मोह कोणाला होणार नाही? काही संशोधकांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून हा फरक उघडपणे मांडला. त्यातून कळले की, या स्फटिकांत इलेक्ट्रॉनांबरोबर आयनही संथपणे सरकत असतात. आणि घट कालांतराने का बिघडतो याचे एक मोठे कारण तेथेच होते.

भिंतीच्या बाजूलाही असेच नवे पदार्थ आले. २०११ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात टायटॅनियम, ॲल्युमिनियम व कार्बन यांच्या थरांच्या पदार्थातून आम्लाच्या साहाय्याने ॲल्युमिनियमचे थर काढून टाकण्यात आले. उरले ते टायटॅनियम कार्बाइडचे काही अणूंच्या जाडीचे पापुद्रे. त्यांना मॅक्सीन म्हणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, केसाहून पातळ अशा ४५ मायक्रॉनच्या मॅक्सीन-पटलाने ९२ डेसिबेल इतके संरक्षण दिले. म्हणजे आलेल्या लहरीच्या शक्तीचा शंभर कोटींतला एक अंशही पलीकडे गेला नाही. आणि २०१९ मध्ये हेच मॅक्सीन पेरोव्स्काइट सौरघटात मिसळून त्याची कार्यक्षमता वाढविण्यात आली. भिंतीचा पदार्थ दाराच्या चौकटीत बसला.

पावसाळ्याची परीक्षा

हे सारे ऐकून आपल्या मनात प्रश्न येईल की, मग हे पदार्थ आपल्या छपरांवर का दिसत नाहीत? उत्तर आपल्या गावच्या हवेतच आहे. पेरोव्स्काइटला ओलावा सोसत नाही, आणि त्यातील शिसे पाण्यात उतरू शकते. मॅक्सीन ओलसर हवेत हळूहळू ऑक्साइड होऊन आपली वाहकता गमावतो. सिलिकॉनच्या पट्ट्यांना साधारणपणे पंचवीस वर्षांची हमी असते. आपल्या जुन्या घरांवरची खानापुरी कौले त्याहूनही अधिक पावसाळे काढतात. जो पदार्थ या कौलांच्या शेजारी बसणार, त्याने निदान एका पिढीचा जून-जुलै सोसला पाहिजे.

२०२५ च्या आरंभी भारताची सौरविद्युत् क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आपल्याच राज्यातील पावगड येथे २०५० मेगावॅटचे सौरक्षेत्र उभे आहे. शेतकऱ्याचा पंप, इस्पितळाची शीतपेटी आणि गावचा दिवा आता या पदार्थांवर अवलंबून राहू लागला आहे. अशा वेळी पहिल्या दिवशीच्या कार्यक्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरांत छापणे आणि तिसऱ्या पावसाळ्यातील आकडा खोडून टाकणे, ही केवळ शास्त्रीय चूक राहत नाही. त्या आकड्यावर विसंबून कोणी तरी कर्ज काढलेले असते. म्हणून तरुण संशोधकांना माझे सांगणे असते की, घट किती वीज देतो हे लिहाच. पण तो कधी, कसा आणि कोणत्या हवेत थकतो, तेही तितक्याच ठळकपणे लिहा.

समारोप

माझ्या त्या वहीची हकीकत मी सरांना पत्राने कळविली होती. ते तेव्हा निवृत्त झाले होते. मला वाटले होते, ते रागावतील किंवा समजूत घालतील. त्यांचे पोस्टकार्ड आले. त्यात प्रकृतीची चौकशी, मुलांना आशीर्वाद आणि शेवटी एवढेच होते, "रेघ एकच मारली होतीस ना? मग आकडे अजून वाचता येतील." मी ते आकडे पुन्हा वाचले, नव्या वड्या करून दमट हवेतील मोजमापे मुद्दाम घेतली, आणि उशिरा का होईना, ती माझ्या विद्यार्थ्यांच्या कामास उपयोगी पडली. अग्रमान इतरांचा होता आणि तो रास्तच होता.

संस्थेने या व्याख्यानासाठी मला जे मानधन देऊ केले आहे, ते मी शाळेच्या प्रयोगशाळेस परत करीत आहे. त्यातून एखादे उपकरण न घेता एक साधे कपाट घ्यावे आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांच्या काही प्रयोगवह्या त्यात जपाव्यात, अशी माझी विनंती आहे. सुवाच्य अक्षरातल्या, शंभर टक्के बरोबर असलेल्या वह्या नकोत. ज्यांत कोणी 'खरखर येत होती' असे लिहिले असेल, अशा वह्या ठेवाव्यात. जर्मनचा तो डबा प्रयोगशाळेत अजून आहे, असे आज सकाळी मुख्याध्यापकांनी मला दाखविले. त्याचे झाकण अद्याप चेपलेलेच आहे. कृपा करून ते कोणी सरळ करू नये.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून येथेच थांबतो.